तिसरं पुस्तक

"काकी, या खेपेला तीन आणलीत," म्हणत जयवंतानं पिशवी सोप्यात ठेवली आणि पुस्तकं एकेक करून घोंगड्यावर मांडली. "तिन्ही मी याच महिन्यात वाचलीत. हे पहिलं प्रेमाचं. रडवतंय, पण गोड आहे. हे दुसरं मरणाचं. एका बाईचा नवरा जातो आणि ती वर्षभर त्याच्या चपला दारात तशाच ठेवते. एवढीच गोष्ट."

"एवढ्याशा गोष्टीला एवढं पुस्तक?"

"वाच की, मग सांग मला."

"आणि तिसरं?"

तिसरं त्यानं लगेच खाली ठेवलं नाही. चांगलं जाडजूड होतं. त्याच्या पाठीवरून बोट फिरवत तो म्हणाला, "हे कोण कुणाचं, याचं आहे. एका पोराची गोष्ट. वाच. पण लग्नाच्या आत वाच."

"लग्नाला अजून दीड महिना हाय की रे."

"म्हणून तर आज आणलं."

एवढं बोलून तो उठला आणि अंगण ओलांडून त्याच्या आईच्या चुलीकडं भाकरी खायला गेला. आमचं अंगण एक आणि चुली दोन. पलीकडची चूल माझ्या थोरल्या जावेची, आक्काची. जयवंता तिचा एकुलता एक. तालुक्याच्या ग्रंथालयात कामाला होता आणि दर रविवारी गावाकडं यायचा.

मला अक्षर आलं ते बावन्नाव्या वर्षी. शाळेच्या व्हरांड्यात बायकांचा वर्ग भरायचा, तिथं. नातवंडाच्या वयाची पोरगी शिकवायला होती. माझा हात धरून तिनं मला माझं नाव गिरवायला लावलं. गजराबाई. सहा महिन्यांनी मी एसटीची पाटी वाचली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद झाला तो जयवंताला. त्यानं लगेच मला एक बारकं पुस्तक आणून दिलं. ते मी नऊ दिवसांत संपवलं. त्यानं तालुक्यात जाऊन सगळ्यांना सांगितलं, माझी काकी आठवड्याला एक पुस्तक वाचते. तो कौतुकानं सांगत होता, मग मला खाली कसं उतरता येणार? पुस्तकं जाड होत गेली तशी मी मागं पडत गेले. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, दिवसाला आठ पानं. कधी दहा. पण "वाचलं का" म्हणून त्यानं विचारलं, की मी "वाचलं" म्हणायची. जे राहिलं असेल ते पुढच्या आठवड्यात चोरून वाचायची.

त्या वर्षी मी बेदाण्याच्या शेडात निवडायला जात होते. आमच्या तासगावच्या बाजूला तेव्हा द्राक्षबागा नव्यानं वाढल्या होत्या. उन्हाळा आला की बायकांना शेडातलं काम. ओळीनं बसायचं, पुढ्यात बेदाण्याचा ढीग, काड्या खुडायच्या, काळा दाणा बाजूला काढायचा. बोटं चिकट आणि तोंड मोकळं. मग मी वाचलेलं सांगायची. चपलांची गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्यांच्या बोटांतल्या काड्या तशाच राहिल्या.

शेवंता म्हणून एक होती, तिखट तोंडाची. ती म्हणाली, "आमचा गेला तर मी पयल्या दिवशी त्याच्या चपला वढ्यात टाकीन. त्यातनंच तर मला हाणतोय."

सगळ्या हसल्या. हसता हसता शेवंतानंच डोळ्याला पदर लावला.

एक गोष्ट आता सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जयवंता माझा. मी जन्म दिलेला.

आक्काची तीन मुलं जन्मली आणि महिन्याच्या आत गेली. मला दोन मुली होत्या. तिसरा हा झाला. बाराव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "ह्याला थोरलीच्या ओटीत घाल. तुझं वय हाय, तुला आणखी हुईल." मला पुढं झालं नाही. पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं? देवापुढं बसवून माझ्याकडून बेलभंडारा उचलून घेतला, की या तोंडातून त्याला लेक म्हणून हाक जाणार नाही आणि त्याला कधी कळू देणार नाही. खंडोबाची शपथ. मी पोर आक्काच्या पदरात घातलं आणि ती त्याला घेऊन इचलकरंजीला गेली. थोरले दीर तिथं मागावर कामाला होते. ती सगळी गावाकडं परत आली तेव्हा तो सात वर्षांचा होता. आक्कानं त्याला माझ्यापुढं उभा केला आणि म्हणाली, "काकीच्या पाया पड."

अख्ख्या गावाला हे माहीत होतं. त्याला तेवढं माहीत नाही, असं आम्ही दोघी जावा धरून चाललो होतो.

आक्का वाईट नव्हती. तिनं त्याला फुलासारखं वाढवलं. थोरले दीर गेल्यावर लोकांच्या रानात भांगलून शिकवलं. माझ्या पोरींच्या बाळंतपणात तिनं जागून काढलं. फक्त मी जयवंताच्या डोक्याला तेल लावायला बसले की ती काहीतरी काम काढून उठून यायची आणि म्हणायची, "आण, मी लावते."

आता लग्न ठरलं होतं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी देवक आणतात. एक जोडपं, पदराला उपरण्याची गाठ मारून, मारुतीच्या देवळातून पाच झाडांच्या डहाळ्या आणतं आणि मांडवाच्या मेढीला बांधतं. मग पाटावर बसून पूजा करतं. ते जोडपं आई-बापाचं. आक्का विधवा, त्यामुळं तिला बसता येत नव्हतं. चुलता-चुलतीनं बसायचं, नाहीतर मामा-मामीनं. कुणी बसायचं ते नवऱ्या मुलानं सांगायचं, असं आक्काच म्हणाली होती.

मला त्या पाटावर बसायचं होतं. दुसरं काही नको होतं. शपथ मोडायची नव्हती, कुणाला काही सांगायचं नव्हतं. एका सकाळपुरतं, चारचौघांत, त्याची आई म्हणून बसायचं, आणि मग उठून परत काकी व्हायचं. मी कपाटातून माझं हिरवं लुगडं काढून दोनदा उन्हात घातलं होतं. आमचे मालक ते बघून म्हणाले, "आधी बोलावणं तर येऊ दे." पण दुसऱ्या दिवशी तेही दाढी करून आले.

पुस्तकं मी त्यानं दिली तशी, क्रमानं वाचली. पहिलं संपलं, दुसरं संपलं, तोवर अठरा दिवस गेले. मग तिसरं उघडलं.

पहिल्या चार पानांतच माझं बोट ओळीवर थांबलं. एक बाई आपलं तान्हं पोर बहिणीला देते. पोर मोठं होतं. त्याला कळतं. आणि ते आपल्या आईच्या शोधात निघतं.

मी पुस्तक मिटलं. उठून पाणी प्याले. परत उघडलं. त्यानं हे मला मुद्दाम दिलं का? का आपलं सहज, आवडलं म्हणून? शेडात काड्या खुडताना तेच डोक्यात. शेवंता म्हणाली, "गजराबाई, काळा दाणा हिरव्यात टाकतीयास, ध्यान कुठाय?"

दहा दिवसांनी, रविवारी, जयवंता आला तेव्हा मी निम्म्यावर होते. पोरगं एका शहरात पोचलं होतं आणि आईच्या गल्लीचा पत्ता विचारत फिरत होतं. अजून शंभरएक पानं शिल्लक होती.

आम्ही अंगणात बसलो होतो. आक्का भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. शेवंता लग्नाच्या पापडांना हात लावायला आली होती.

"काकी, तिसरं झालं?" त्यानं विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत शेवंताच बोलली, "व्हय रं, न व्हायला काय झालं? तुझी काकी पुस्तकं वाचत न्हाई, गिळती. शेडात आमाला सांगून दावती."

"झालं?" त्यानं परत माझ्याकडं बघितलं.

"झालं की," मी म्हणाले.

"पूर्ण?"

"अरे, पूर्ण म्हंजे पूर्ण."

तो थोडा पुढं सरकून बसला. हातातली शेंग त्यानं फोडली, पण दाणे तोंडात टाकले नाहीत. "मग शेवट पटला का तुला? त्या बाईनं केलं ते?"

तो हे विचारताना मला कळलं, की हा पुस्तकाचं विचारत नाही. आक्का समोर होती, शेंगांची टरफलं पाखडत होती, तिचं लक्षही नव्हतं. मला वाटलं, देवानंच वाट काढून दिली. शपथ मोडायची नाही, नाव घ्यायचं नाही, आणि तरी सांगता येतंय. पुस्तकाचा शेवट मी वाचला नव्हता, पण शेवट काय असणार ते मला ठाऊक होतं. मी वीस-बावीस पुस्तकं वाचली होती. पोर एवढं चालत गेलं म्हटल्यावर दारात माय त्याला पोटाशी धरणारच. नाहीतर एवढं लिहायचं कशाला?

"पटला," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले. "बाईनं बरोबर केलं. मी आसते तर मीबी तेच केलं असतं."

"तेच?"

"तेच. डोळे झाकून."

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता हसेल. तो हसला नाही. त्यानं शेंगेचे दाणे आक्काच्या सुपात टाकले, हात झटकले आणि म्हणाला, "बरं."

"पुस्तक नेतोस?" मी विचारलं. लग्नाच्या गडबडीत उरलेलं कधी वाचायचं याची धास्ती होती.

"असू दे. लग्न झाल्यावर नेईन."

त्या दिवशी मी आनंदात होते. मालकांना म्हणाले, उपरणं धुऊन ठेवा.

चार दिवसांनी आक्का माझ्या चुलीपुढं येऊन बसली. बराच वेळ विस्तव सारखा करत राहिली. मग म्हणाली, "गजरा, देवकाला मामा-मामी बसणार म्हणतोय तो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि माझा तोल गेला. "तूच सांगितलं असशील त्याला. बेलभंडारा मी उचललाय, आक्का. सव्वीस वर्षं हू का चू केलं न्हाई. एक सकाळ मागत हुते. तू कशाला भ्यालीस?"

"मी सांगितलं असंल तर माझी जीभ झडू दे," आक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "उलट मी त्याला म्हटलं, काका-काकीला बसव. तुझी काकी वाट बघतीय. दोनदा म्हटलं. मला काय दिसत न्हाई व्हय, तू लुगडं उन्हात घातल्यालं?"

"मग?"

"म्हणाला, नको आई. काकीला नको अवघडायला."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. त्या दिवसापासून देवकापर्यंत मी आक्काशी कामापुरतं बोलले. आज ती नाही. त्या पंधरा दिवसांची मला अजून लाज वाटते.

देवकाच्या सकाळी अंगणात मांडव भरला होता. वाजंत्री आले होते. मी हिरवं लुगडं नेसले नाही, रोजचंच नेसले. कुणी काम सांगितलं नाही, म्हणजे सांगायला सगळे भीत होते. मी ते पुस्तक घेतलं आणि घरामागं गोठ्याच्या भिंतीला टेकून बसले. वीस पानं उरली होती. शेडातल्या बायका रोज विचारत होत्या, पोराचं पुढं काय झालं, आणि मी आज सांगते, उद्या सांगते करत होते. खरं सांगायचं तर मला त्या पोराची आणि त्याच्या आईची गाठ पडलेली बघायची होती. आपलं नाही झालं तर नाही, त्यांचं तरी.

पोर गल्लीत येतं. घर सापडतं. बाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली असते. ती मान वर करते. त्याच्या कानाची ठेवण बघून ओळखते. पुस्तकात तसं लिहिलंय, की तिनं ओळखलं. तो म्हणतो, मी लांबून आलोय. ती उठते, आत जाते, तांब्याभर पाणी आणून देते. तो पितो. मग ती म्हणते, "दादा, तुम्ही चुकीच्या घरी आलात."

आणि दार लावून घेते.

मी ते पान परत वाचलं. बोट ठेवून, एकेक शब्द. मला वाटलं, माझंच वाचायला चुकलं असेल. पुढच्या पानावर दुसरं काही असेल. पुढच्या पानावर पोर तांब्या उंबऱ्यावर ठेवतं आणि वळतं. तिथं पुस्तक संपलं होतं.

बाईनं बरोबर केलं. मी असते तर मीही तेच केलं असतं. डोळे झाकून.

मी उठले. भिंतीला धरून घरासमोर आले. वाजंत्री वाजत होती. देवक आणून झालं होतं. डहाळ्या मेढीला बांधल्या होत्या आणि पाटावर मामा-मामी बसले होते, पदराला गाठ मारून. मामी सारखी गुडघ्यावर हात ठेवत होती, तिचे गुडघे दुखत. जयवंता बाजूला बसला होता, अंगाला हळद लागलेली. भटजी सांगतील तसं पाणी सोडत होता. आक्का लांब, खांबाआड उभी होती. तिनं मला बघितलं आणि बाजूला सरकून जागा दिली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. हातात पुस्तक तसंच होतं.

"काय झालं गं?" ती हळूच म्हणाली. "चेहरा असा का?"

"काय न्हाई," मी म्हणाले. मग तिचा हात धरला. तिनं तो सोडवला नाही.

पूजा उरकल्यावर जयवंता सगळ्यांच्या पाया पडत फिरला. मामा-मामीच्या, आक्काच्या, मग माझ्या. तो वाकला तेव्हा मी त्याचा दंड धरला आणि त्याला मांडवाच्या कडेला, जिथं पाण्याची पिंपं ठेवली होती, तिथं नेलं.

"जयवंता, मी ते वाचलं नव्हतं."

"काय?"

"तू इचारलंस तवा. निम्मंच झालं हुतं. शेवंता बसली हुती, तू सगळ्यांना सांगत फिरतोस काकी वाचती म्हणून, मला लाज वाटली. मी म्हटलं झालं. शेवट मला ठाऊक नव्हता रे. मला वाटलं, ती त्याला…"

पुढचं मला म्हणता येईना. शपथ आडवी आली की रडू आलं, कोण जाणे.

तो माझ्या हातातल्या पुस्तकाकडं बघत होता. "कधी वाचलास शेवट?"

"आत्ता. गोठ्यामागं बसून."

त्यानं वळून मांडवाकडं बघितलं. मामी आता पाटावरून उठत होती, दोघींनी तिला धरलं होतं. गाठ अजून सोडली नव्हती, मामा खेचला जात होता आणि बायका हसत होत्या.

"तुला कधीपासनं…" मी विचारलं.

"चौथीत होतो," तो म्हणाला. "वर्गातल्या पोरानं सांगितलं. तुम्हाला दोघींना वाटायचं मला माहीत नाही, म्हणून मीही तसंच ठेवलं." मग म्हणाला, "मला कुणाला काही सांगायचं नव्हतं, काकी. आईला तर नाहीच. तुला पटतंय का, एवढंच बघायचं होतं. मग बसवलं असतं."

"मला न्हाई पटला तो शेवट," मी म्हणाले. "अजिबात न्हाई पटला."

"हां," तो म्हणाला. त्यानं माझ्या हातातून पुस्तक घेतलं. अंगाची हळद त्याच्या कव्हराला लागली. "माझंच चुकलं, काकी. लई जाड पुस्तक दिलं तुला."

कुणीतरी त्याला हाक मारली. नवरदेवाला आंघोळीला बसवायचं होतं. तो गेला.

या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली. आक्का गेली तेव्हा विधी त्यानं केले, आणि तेच बरोबर होतं. त्याची मुलं मला आजी म्हणतात, तो काकी म्हणतो. लग्नानंतरही तो रविवारी येतच राहिला आणि पुस्तकं आणत राहिला. देवाधर्माची, प्रवासाची, झाडांची, पाखरांची. सगळी बारकी, पन्नास-साठ पानांची. कधी विचारत नाही शेवट कसा वाटला. मीच सांगते. शेवटच्या पानापर्यंत बोट नेते आणि मगच सांगते. तो ऐकून घेतो, "बरं" म्हणतो आणि पुढचं पुस्तक काढतो.